सलाईनच्या चाकाला कुणी हात लावायचा

"मॅडम, हौसाबाईंचं सलाईन संपलं," शबाना फोनवर म्हणाली.

सलाईन संपणं ही काही वाईट बातमी नसते. दिवसभरात ती आम्ही कितीतरी वेळा ऐकतो आणि नवी बाटली लावतो. पण हौसाबाईंची ही बाटली संध्याकाळपर्यंत पुरायला हवी होती, आणि वॉर्डात नुकतीच दुपारची जेवणं उरकत होती.

"त्या कशा आहेत?" मी विचारलं.

"धाप लागलीय. बोलता येत नाहीये त्यांना. सलाईन मी काढलंय, उशा लावून बसवलंय, ऑक्सिजन चालू केलाय. डॉक्टर सरांना फोन केलाय, ते निघालेत."

यापेक्षा वेगळं मीही काही केलं नसतं. मी ऑपरेशन थिएटरचा गाऊन उतरवला आणि जिना चढायला लागले.

खरं तर मी थिएटरमध्ये असायचं कारण नव्हतं. मी स्त्री वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. पण थिएटरची सिस्टर रजेवर होती, सकाळी एक सिझेरियन निघालं, आणि सिझेरियनला वाट बघ म्हणता येत नाही. त्यामुळे वरच्या वॉर्डात शबाना एकटी होती. शबाना जुन्नरची. वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. तिची ही पहिलीच नोकरी, तीही कंत्राटी. या प्रकरणात ती नोकरी राहते की जाते, हाच पुढे प्रश्न झाला, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आमचं हॉस्पिटल एका ट्रस्टचं आहे. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरवाड्यांपासून पारगावकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत सगळीकडून पेशंट येतात. भातकापणीच्या तोंडावर तापाचे पेशंट वाढतात. त्या आठवड्यात खाटा भरून दोन खाटांच्या मधे गाद्या टाकल्या होत्या. घोडेगावला उतरून, गाडी बदलून आलेल्या बाया आणि त्यांच्या पिशव्या, यातून औषधाची ट्रॉली नेणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं होतं.

हौसाबाई साठीच्या पुढच्या. ताप होता, चार घास जात नव्हते, रक्तदाब खाली आला होता. म्हणून सलाईन द्यायचं. पण त्यांचं हृदय मोठं झालेलं आणि कमजोर. म्हणून ते अगदी हळू द्यायचं.

इथे सलाईनबद्दल थोडं सांगायला हवं. बाटलीतून येणाऱ्या नळीवर एक छोटं प्लास्टिकचं चाक असतं. ते खाली सरकवलं की नळी दाबली जाते आणि थेंब कमी पडतात. वर सरकवलं की थेंबांची धार होते. जुलाबाने सुकून गेलेल्या तरुण बाईला धार चालते. कमजोर हृदयाच्या माणसाला चालत नाही. त्याचं हृदय तेवढं पाणी पुढे ढकलू शकत नाही. ते पाणी फुप्फुसात साठतं आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडायला लागतो. हौसाबाईंचं तेच झालं होतं.

मी पोचले तेव्हा त्या दोन्ही हात खाटेवर टेकून बसल्या होत्या. ओठ जांभळे. प्रत्येक श्वासाला घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. शबाना त्यांच्या पाठीमागे खाटेवर चढून स्वतःच्या अंगाचा टेकू देऊन बसली होती, कारण उशा पुरत नव्हत्या. डॉक्टर आले. लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन दिलं, लघवीची नळी टाकली. नंतर वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. ती आम्ही बघितली. हळूहळू पिशवीत लघवी जमायला लागली, ओठांचा रंग परत आला. संध्याकाळी हौसाबाई डोळे उघडून पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की ह्या पोरीला खाली उतरू द्या, तिचं पाय आखडलं असतील.

आता चाक कुणी फिरवलं, हा प्रश्न. शोध घ्यावा लागला नाही. शेजारच्या खाटेवरच्या ठकूमावशीने आपणहून सांगितलं.

ठकूमावशी पेशंट नव्हती. तिची सून टायफॉईडने ॲडमिट होती आणि मावशी तिच्याजवळ राहिली होती. इतके दिवस वॉर्डात काढल्यावर तिला सगळं येत होतं. बेडपॅन कुठे ठेवतात, गरम पाणी कुठे मिळतं, कुठल्या पंख्याचं बटण दाबलं की कुठला पंखा फिरतो. सलाईन संपत आलं की चाक बंद करून सिस्टरला हाक मारायची, हेही येत होतं. हे आम्हीच प्रत्येक नातेवाइकाला शिकवतो. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे. वॉर्डभर लटकणाऱ्या बाटल्यांवर एका सिस्टरचे दोन डोळे पुरत नाहीत, म्हणून प्रत्येक बाटलीखाली एक नातेवाईक बसवायचा. ज्याला चाक बंद करता येतं त्याला ते उघडताही येतं, हे उघड आहे. ते शिकवावं लागत नाही.

"लई हळू पडत व्हतं बाय," मावशी म्हणाली. "तिचा ल्योक दारात उभा. भात कापनीला आलंय, गाडी जायची व्हती. म्हनलं, सलाईन संपलं का सुट्टी व्हईल, मायलेकरं गाडीनं जात्याल. म्हनून जरा मोकळं केलं."

मावशीचं काही चुकलं नव्हतं, म्हणजे तिच्या अनुभवाने. गावातल्या दवाखान्यात बाकड्यावर झोपवून सलाईन लावतात. ते संपलं की उठायचं आणि घरी जायचं. सलाईन संपणं म्हणजे सुट्टी. हौसाबाईंचा मुलगाही तेच समजून दारात उभा होता. सकाळपासून त्याने शबानाला तीनचारदा विचारलं होतं, किती राहिलंय म्हणून. शबाना त्याला "अजून वेळ आहे भाऊ" म्हणून पुढच्या खाटेकडे जात होती. वेळ का आहे, हे सांगायला तिच्याकडे वेळ नव्हता.

मी मावशीला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. नंतर तिने पदराने तोंड पुसलं आणि हौसाबाईंच्या खाटेकडे पाठ करून बसली. रात्री ती जेवली नाही असं सुनेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलावलं. डॉक्टर शेवाळे म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. समोर मॅनेजर थोरात साहेब बसले होते. थोरात साहेब हिशेब, भरती, साफसफाई सगळं बघतात. माणूस कामाचा आहे, वेळेवर येतो, उगाच आवाज चढवत नाही.

"लोहकरे सिस्टर, ट्रस्टींचा फोन होता," थोरात साहेब म्हणाले. "कारवाई काय केली, विचारतायत."

मी म्हटलं, पेशंट बरी आहे.

"ते कळवलंय. पण ड्यूटीवर कोण होतं, हे विचारतायत. शबाना मोमीन होती. कंत्राटी आहे. महिनाअखेरीला थांबवू तिला. तुम्हाला दुसरी देतो."

दुसरी कधी देणार, ते मी विचारलं नाही. थिएटरच्या दुसऱ्या सिस्टरच्या जागेची जाहिरात दोन दिवाळ्यांपूर्वी निघाली होती.

आता इथे माझी अडचण सांगते. मी डोंगरातली. आश्रमशाळेत शिकले, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नर्सिंगची पदवी हातात घेऊन आले तेव्हा डॉक्टर शेवाळ्यांनी माझी मुलाखत घेतली. मुलाखतीत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, उद्यापासून या. माझ्या भावाचं शिक्षण या पगारातून झालं. त्यामुळे या केबिनमध्ये मी आजवर मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशीही बोलले नाही.

"सर, शबाना एकटी होती," मी म्हटलं.

थोरात साहेब म्हणाले, "एकटी कशी? दिवसपाळीला वॉर्डात तीन सिस्टर आहेत. तुम्ही, शबाना आणि सुनीता."

हे बरोबर होतं. तिघी होतो. मी थिएटरला होते. सुनीता खाली सरकारी योजनेच्या काउंटरवर होती. गरीब पेशंटचे उपचार योजनेतून होतात, त्यासाठी प्रत्येकाची कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवावी लागतात. सुनीताचं टायपिंग चांगलं आहे, ही तिची चूक. काउंटरचा मुलगा नोकरी सोडून गेला तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून तिला तिथे बसवलं होतं. त्याला बरेच महिने झाले होते. युनिफॉर्म घालून, खिशात कात्री ठेवून ती रेशनकार्डं स्कॅन करायची.

हे मी सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. थोरात साहेबही ऐकत होते, पण ते म्हणाले की स्टाफचा विषय वेगळा आणि हा विषय वेगळा. नातेवाईक सलाईनला हात लावतो आणि सिस्टरला पत्ता नसतो, हा शिस्तीचा विषय आहे.

"आजपासून नातेवाईक वॉर्डात नकोत," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ भेटीची वेळ, बाकी सगळे बाहेर शेडमध्ये. मोठ्या हॉस्पिटलात असंच असतं. चाकाला फक्त सिस्टरचा हात लागला पाहिजे."

मोठ्या हॉस्पिटलात आणखी काय असतं, ते मी म्हणाले नाही. मी फक्त विचारलं, "हे नीट चालतंय का, बघायला कुणी असेल का? नाहीतर पुन्हा आमच्यावरच येईल."

"मी स्वतः बसतो," थोरात साहेब म्हणाले. "बघतो ना, काम कसं चालतं ते."

डॉक्टर म्हणाले, "शबानाचं त्यानंतर ठरवू."

मी "हो सर" म्हटलं आणि वर गेले. शबानाला सांगितलं, तेव्हा ती औषधाच्या गोळ्या वाटीत मोजत होती. तिने मोजणं पूर्ण केलं आणि मग विचारलं, "मॅडम, अब्बूंना आत्ताच सांगू की महिनाअखेरीला?" मी म्हटलं, आज काहीच सांगू नकोस, आज काम आहे.

नातेवाईक शेडमध्ये गेले. ठकूमावशी सर्वात आधी उठली. थोरात साहेब दाराशी स्टूल टाकून बसले. वॉर्ड छान दिसत होता. मोकळा, स्वच्छ. त्यांनी मोबाईलवर एक फोटोही काढला.

थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या आजींनी हाक मारली. त्यांना बाथरूमला जायचं होतं. एरवी त्यांची लेक धरून नेते. शबाना गेली. ती तिकडे असताना दुसरीला उलटी झाली. मी गेले. मी तिचं तोंड पुसत असताना तिसरीने पाणी मागितलं, आणि पाणी मागणाऱ्या बाईच्या हाताला सलाईनची फळी बांधलेली असल्यामुळे तिला नुसता पेला देऊन भागत नव्हतं, पाजावं लागत होतं. नाश्त्याचे डबे आले. ज्यांचे हात थरथरत होते त्यांच्यापुढे डबे तसेच राहिले. वॉर्डातली मामी, म्हणजे आमची आया, एकटीच होती आणि तिचं बेडपॅनमधून डोकं वर निघत नव्हतं.

थोरात साहेब आधी दाराशी होते. मग स्टूल आत आलं, कारण एका म्हातारीने त्यांना डॉक्टर समजून छातीतली कळ सांगायला बोलावलं. मग स्टूल तिथेच राहिलं आणि साहेब उभे राहिले. एका बाईला पेज भरवायला त्यांनी मदत केली, असं मला नंतर मामीने सांगितलं. पेज जरा घसरली होती म्हणे, पण भरवली.

दुपारी एका पेशंटला रक्त चढवायचं होतं. रक्ताचा नियम असा, की सुरुवातीचा काही वेळ सिस्टरने खाटेपासून हलायचं नाही. शरीराने ते रक्त नाकारलं तर ते सुरुवातीलाच कळतं, आणि उशिरा कळून उपयोग नसतो. मी तिथे उभी राहिले. त्याच वेळी पलीकडच्या रांगेत तापाने फणफणलेल्या एका मुलीला आकडी आली. शबाना तिला कुशीवर वळवून धरून बसली. आकडीतल्या माणसालाही सोडता येत नाही. म्हणजे आम्ही दोघी होतो आणि दोघी खिळलेल्या होतो.

तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका खाटेवरची बाटली संपली. बाटली संपली की नळीत रक्त उलटं चढायला लागतं. दिसायला भयंकर दिसतं. ती बाई ओरडायला लागली.

"सिस्टर," थोरात साहेब म्हणाले, "रक्त वर येतंय."

"चाक बंद करा साहेब," मी म्हटलं. "खाली सरकवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शबानाकडे बघितलं आणि चाक बंद केलं. रक्त थांबलं. बाई गप्प झाली.

इथपर्यंत ठीक होतं. पण शेजारची बाई हे बघत होती. ती जुन्नरच्या पलीकडून आलेली, चांगली धडधाकट, जुलाबाने गळाली होती इतकंच. तिने साहेबांना बोलावलं.

"राव, माझं बी बघा की. सकाळपासनं एकेक थेंब पडतोय. कवा संपायचं ह्ये?"

साहेबांनी बाटलीकडे बघितलं. बाटली अर्धी होती. थेंब खरंच हळू पडत होते, हात दुमडल्यामुळे. त्यांना वाटलं, चाक अडकलंय. त्यांनी ते वर सरकवलं. मी रक्ताच्या खाटेपासून बघत होते. मी काही म्हणेपर्यंत तिने आखडून धरलेला हात सरळ केला आणि थेंबांची धार लागली.

"आता बरं पडतंय," ती बाई म्हणाली.

रक्ताजवळ थांबायची वेळ संपल्यावर मी गेले आणि चाक पूर्वीच्या जागी आणलं. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. घाम आला होता त्यांना.

"काही होणार नाही ना तिला?"

"नाही साहेब. तिला पाणी हवंच होतं. तिचं हृदय चांगलं आहे."

"आणि नसतं तर?"

मी हौसाबाईंच्या खाटेकडे बघितलं. त्या उशांना टेकून शांत झोपल्या होत्या. साहेब स्टूलवर बसले. मग उठून शेडकडे गेले आणि नातेवाइकांना म्हणाले, चला, प्रत्येक खाटेला एकेक जण आत चला.

सगळे आले. ठकूमावशी आली नाही. ती शेडमध्येच बसून राहिली. साहेबांना तिला दोनदा बोलवावं लागलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "म्या न्हाई येत सायेब. माझा हात वाईट हाय." त्यावर साहेब तिला काय म्हणाले ते मला माहीत नाही, कारण ते हळू बोलले. पण मावशी उठली.

संध्याकाळी पुन्हा केबिन. डॉक्टरांनी विचारलं, कसं चाललं.

थोरात साहेब म्हणाले, "सर, आज मी एका पेशंटचं सलाईन जोरात सोडलं."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. पेशंट म्हणाली हळू पडतंय. दोन्ही सिस्टर अडकलेल्या. म्हटलं, आपण करू." मग ते म्हणाले, "त्या मावशीनेही असंच केलं असणार."

"म्हणजे शबानाचं काय करायचं?"

"शबानावर कारवाई करायची तर आधी माझ्यावर करावी लागेल सर. आणि माझ्या वेळी तर दोघी होत्या वॉर्डात. तिच्या वेळी ती एकटी होती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग मला विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय हवंय?"

मी म्हटलं, "सुनीता हवी आहे सर."

"योजनेचं काउंटर?"

"ते मी बघतो, माणूस मिळेपर्यंत," थोरात साहेब म्हणाले.

सुनीता दुसऱ्या दिवशी वर आली. पहिले काही तास ती हाताला मिळेल ती बाटली, नळी, पट्टी सरळ करत फिरत होती. थोरात साहेब काउंटरवर बसले. ते दोन बोटांनी टाइप करतात, त्यामुळे रांग लांबली आणि आठवड्याभरात काउंटरसाठी माणूस मिळाला. थिएटरच्या जागेला महिने लागतात, काउंटरच्या जागेला आठवडा पुरतो. कशामुळे, ते मी इथे लिहीत नाही.

ट्रस्टींना कळवायला काहीतरी कारवाई लागणार होती. म्हणून प्रत्येक खाटेजवळ एक पाटी लावली. "सलाईनच्या चाकाला हात लावू नये." ज्यांनी ती वाचावी त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही, हे सर्वांना माहीत होतं. आता नवीन पेशंट आला की आम्ही नातेवाइकाला जवळ बसवून सांगतो, सलाईन संपलं म्हणजे सुट्टी नाही, आणि हे हळू का चाललंय. याला फार वेळ लागत नाही. पण तो वेळ कुणाकडे तरी असावा लागतो. सुनीता आल्यापासून तो थोडा आहे.

हौसाबाई चालत घरी गेल्या. मुलगा भात कापून परत आला होता. त्याने शबानाला विचारलं, आता तरी संपलं का. ती म्हणाली, संपलं, न्या. शबानाला अजून कायम केलेलं नाही. काढलेलंही नाही. तिच्या वडिलांना यातलं काही माहीत नाही, आणि आता सांगण्यासारखं काही उरलेलंही नाही.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच. वॉर्डात एक सिस्टर कमी केली म्हणून तिचं काम कमी होत नाही. ते जवळ जो उभा असेल त्याच्या हातात जातं. कधी तो ठकूमावशीचा हात असतो, कधी मॅनेजरसाहेबांचा. दोघांचाही हेतू चांगला असतो. हृदयाला हेतू कळत नाही.